साडूंचा घंगाळपट

रविवार, वैशाख वद्य तृतीया, शके १८५१. दुपारचे तीन. हजर: थोरले साडू, खाटेवर, पाठीशी दोन उशा, त्यांचा थोरला मुलगा आणि धाकटा मुलगा, दोघेही सकाळच्या बोटीने मुंबईहून आलेले, मुलगी ताई, माजघराच्या दारात, वकील, खुर्चीवर, तांबट, ओटीच्या पायरीवर, मुद्दाम बोलावून आणलेला, आणि मी. शिवाय सर्वांच्या मध्ये, चटईवर, चिंचेने घासून लखलखीत केलेले एक तांब्याचे घंगाळ.

यादी करण्याची मला सवय आहे आणि ती पोटाची आहे. बंदरावरच्या आगबोटीच्या कचेरीत मी उतारूंची नावे लिहितो. किनाऱ्यावरून पडावात बसले किती आणि बोटीवर चढले किती, हे जुळले नाही तर मला त्या दिवशी जेवण जात नाही. कागदावर नाव चढले की माणूस हरवत नाही, अशी माझी समजूत. आमच्या थोरल्या साडूंची समजूत नेमकी उलटी होती. कागदाचा एवढा कडवा वैरी उभ्या रत्नागिरीत दुसरा झाला नाही, आणि नवल असे की या गृहस्थांची सबंध नोकरी कागदांत गेली होती.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या सर्वांत थोरल्या बहिणीचे यजमान. माझ्याहून बावीस वर्षांनी मोठे, तरी मला 'साडभाऊ' अशी बरोबरीची हाक मारीत, आणि मीही त्यांना तीच. एका सरकारी कचेरीच्या दप्तरखान्यात त्यांनी तीस वर्षे काढली. फडताळे भरभरून लाल रुमालात बांधलेले बस्ते, चार महिन्यांची ओल आणि बारा महिन्यांची वाळवी, असा तो संसार. ते म्हणत, "साडभाऊ, सरकार कागद लिहितं, आपण बांधून ठेवतो आणि वाळवी वाचते. पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचणारी ती एकटीच." पेन्शनीत निघाले त्या संध्याकाळी घरी येऊन त्यांनी दौत उचलली आणि आगरातल्या एका माडाच्या मुळाशी ओतून टाकली. 'माडाला शाई मानवली' असे पुढे वर्षभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. त्या माडाचा नारळ घरी आला की माझी बायको फोडल्यावर आधी आत डोकावून बघायची आणि मगच किसायला घ्यायची.

कागदाची जागा तांब्यापितळेने घेतली. नव्या भांड्यावर नाव घालून घेण्याची आपल्याकडे रीतच आहे. आडनाव, साल, फार तर लग्नकार्याचा आहेर असेल तर कोणाकडून ते. साडूंनी त्या रीतीचा महाग्रंथ केला. त्यांच्या घरी नुसते पाणी प्यायला गेले तरी चार ओळींचे वाचन होई. दुधाच्या लोट्यावर 'गवळी पाणी घालतो' असे कोरलेले होते आणि तो गवळी, बिचारा निरक्षर, रोज सकाळी त्याच अक्षरांवरून दूध ओतत असे. मोठ्या पळीवर लिहिले होते, 'उसनी नेणाराने मंगळवारी आणून द्यावी. मागील खेपेस गुरुवार झाला.' ती पळी नेण्याचे शेजारच्या काकूंनी त्यानंतर सोडले आणि साडूंशी बोलणेही दोन महिने सोडले. माझ्या लग्नात त्यांनी मला जो तांब्या दिला त्यावर आशीर्वादाच्या खाली बारीक अक्षरांत 'पोचा पडल्यास कळवावे' असे होते. पहिला पोचा पडला तेव्हा मी खरोखरच कळवायला गेलो. ते गंभीरपणे तांब्या हातात घेऊन म्हणाले, "कुणी पाडलान्? तेही घालून घेऊ."

मुलांच्या जन्मवेळा त्यांनी ज्याच्या त्याच्या ताटात कोरल्या होत्या. थोरला लहानपणी भात संपत आला की आपले नक्षत्र शोधी. पुढे त्याच्या लग्नाचे बोलणे निघाले आणि मुलीकडच्यांनी जन्मटिपण मागितले, तेव्हा साडूंनी रुमालात बांधून ते ताट पाठवले. मुलीचे वडील देवरुखकडचे, साधे गृहस्थ. त्यांनी रुमाल सोडून रिकामे ताट पाहिले आणि निरोप दिला, "आमची जेवणं झालीत, तसदी घेऊ नये." लग्न मोडता मोडता राहिले. पेन्शनच्या पावतीवर मात्र साडूंना दरमहा कागदावर सही करावीच लागे. ती ते खुशाल करीत. मी एकदा चिमटा काढला, तर म्हणाले, "तो कागद सरकारचा. वाळवीने खाल्लान् तर नुकसान सरकारचं." मुलांना पत्रे ते ताईकडून लिहवीत. सांगायचे स्वतः, लिहायचे तिने. "तुझ्या हातचा कागद, तुझ्या माथी पाप," असे म्हणत आणि शेवटी पत्राला बोटसुद्धा न लावता नजरेनेच आशीर्वाद देत.

हे सगळे कोरणारा तांबट एकच. साडू खडूने भांड्यावर लिहीत आणि तांबट त्या रेघांवरून छिन्नी धरून ठोकत जाई. त्याला अक्षर येत नव्हते आणि साडूंच्या मते हीच त्याची लायकी. "वाचता येणारा कारागीर सुधारणा करतो," असे त्यांचे म्हणणे. "हा बापडा ऱ्हस्व ते ऱ्हस्व ठेवतो, दीर्घ ते दीर्घ."

या सगळ्याला आम्ही हसत होतो. त्या वर्षी चैत्रात साडू आगरातल्या विहिरीपाशी चक्कर येऊन पडले आणि आमचे हसू आटले. डॉक्टरांनी छाती तपासली आणि मला अंगणात बोलावून सांगितले, "पावसाळा काढतील की नाही, सांगता येत नाही." त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे साडू आले नाहीत. ताई आली.

ताई ही त्यांची पहिली मुलगी. चौदाव्या वर्षी लग्न झाले, पंधराव्या वर्षी विधवा होऊन ती परत आली. सासरचे कोणी पुन्हा विचारायला आले नाही. साडूंच्या बायकोच्या मागे, म्हणजे माझ्या मेहुणीच्या मागे, घर तिने चालवले. आता तिने चौतिशी ओलांडली होती. भाऊ मुंबईला नोकरीत, संसारात. आणि घर कोणाचे, हा प्रश्न त्या घरात कधी कोणी उच्चारला नव्हता, कारण ताई तिथे होतीच, जशी तुळस होती. थोरल्याने मात्र चैत्रातच मला एक पत्र लिहिले होते. वाईट मनाने नव्हे. बाबांचे काही बरेवाईट झाले तर घर भाड्याने लावावे, ताई आमच्याकडे येईल, आमच्या हिलाही हाताखाली माणूस होईल, असे त्यात होते. ते पत्र मी ताईला दाखवले नाही. पण तिला कसे कळले कोण जाणे. एक दिवस आमच्याकडे आमसुले द्यायला आली आणि जाताना चपला घालता घालता म्हणाली, "काका, मला मुंबईस नको हो. मी हाताखाली जाईन, पण मग मला बाहेर काढलं तर मी परत यायचं कुठे?"

हे कोणापाशी तरी बोलायला तिला वीस वर्षे लागली होती.

मी त्याच संध्याकाळी वकिलांकडे गेलो. वकील साडूंचे जुने स्नेही. त्यांनी दोन वाक्यांत सांगितले. साडूंची मालमत्ता तीन: आळीतले घर, समुद्राकडचे माडपोफळीचे आगर आणि मिरजोळ्याच्या कातळावरची कलमांची बाग. सगळी स्वकष्टाची, वडिलार्जित एक चिरा नाही. तेव्हा ती हवी त्याला देण्याचा त्यांचा हक्क. पण काही लिहून न ठेवता ते गेले तर सगळे दोन्ही मुलग्यांचे. "आणि ताई?" मी विचारले. वकिलांनी पानाचा देठ खुडला. "मुलगे असताना विधवा मुलीला कायद्याने चुलीपुढचा पाटसुद्धा नाही. भाऊ देतील ते. पूर्वी तोंडी सांगितलेलं तरी चालून जात असे. आता तेही गेलं. लेखी हवं, सही हवी, साक्षीदार दोन हवेत."

मी साडूंच्या खाटेशी बसलो. "साडभाऊ, व्यवस्थापत्र करून टाका."

"केलंय."

माझ्या छातीवरून धोंडा उतरला. "कुठे ठेवलंय?"

"न्हाणीत."

मला वाटले, दुखणे डोक्यात गेले. पण ताईने खाली मान घातली आणि मला न्हाणीत नेले. तिथे ते मोठे घंगाळ होते, ज्यातले ऊन पाणी मी स्वतः दिवाळीच्या पहाटे किती वेळा अंगावर घेतले असेल. त्याच्या पोटावर, काठाच्या खाली चार बोटे, सगळीकडून फिरलेली अक्षरांची एक ओळ. कळकटलेली, म्हणून कधी नीट कोणी वाचली नव्हती. साडू आतून ओरडले, "राजे लोक ताम्रपट देत, साडभाऊ! आम्ही घंगाळपट दिला! वाळवीच्या बापाला खाता येणार नाही!"

मुलांना तार केली. पावसापूर्वीच्या शेवटच्या बोटीला नऊ दिवस उरले होते. ती गेली की श्रावण सरेपर्यंत मुंबईची वाट बंद, आणि साडूंच्या छातीचा भरवसा तेवढा नव्हता. तार आणि बोट यांचा मेळ घालण्यात पाच दिवस गेले. रविवारी सकाळी मुले पडावातून उतरली, दुपारी मी वकिलांना आणले, तांबटाला निरोप पाठवला, आणि ताईने घंगाळ चिंचेने घासून बाहेर आणून ठेवले. तांबे चटईवर वाजले.

वकिलांनी चष्मा पुसला आणि घंगाळाला प्रदक्षिणा घातली. मग दुसरी घातली. तिसऱ्या प्रदक्षिणेला ते थांबले आणि माझ्याकडे पाहू लागले. मी वाकलो. ओळ अशी होती: 'घर ताईस आगर थोरल्यास बाग धाकट्यास'. मला अगदी स्पष्ट दिसले. मी मोठ्याने वाचले आणि सुटलो म्हणून उभा राहिलो.

"काका," समोर उभा असलेला थोरला हळूच म्हणाला, "इथून तसं नाही वाचता येत. इथून, 'ताईस आगर, थोरल्यास बाग, धाकट्यास घर.'"

मी त्याच्या बाजूला जाऊन वाकलो. खरेच. ओळ घंगाळाभोवती फिरून स्वतःलाच येऊन मिळाली होती. ना दंड, ना टिंब, ना सुरुवात, ना शेवट. एक शब्द अलीकडून धरला तर घर ताईचे. एक शब्द पलीकडून धरला तर ताईला माड आणि धाकट्याला घर. माडाखाली माणूस उभा राहील, राहणार कसा?

"खुळ्यांनो," साडू खाटेवरून म्हणाले, "घर ताईचं. वाचता येत नाही?"

"तुम्हाला तिकडून तसं दिसतं, बाबा," धाकटा म्हणाला. तो तसा गमत्या, पण त्याचा आवाज कोरडा होता. "मला इथून घर माझं दिसतंय."

"तू जागा बदल म्हणजे तुझं नाही असं दिसेल!"

वकील मध्ये पडले. "लेखाच्या आरंभी श्री असते. श्री कुठे आहे ती पाहा, तिथून वाचू. प्रश्न मिटला."

मी, थोरला आणि वकील, तिघेही घंगाळाभोवती उकिडवे बसून श्री शोधू लागलो. ती नव्हती. साडू संतापून अर्धे उठून बसले. "न्हाणीतल्या भांड्यावर श्री घालू? त्यात लोक पाय बुचकळतात! वकील झालात म्हणून आचार सोडलात काय? तुमच्या घरी घालतात?"

"तुम्ही श्री सोडलीत तिथेच सुरुवात सोडलीत!" वकीलही चढले. "मग निदान दोन टिंबं तरी!"

"टिंबाला छिन्नी आरपार जाते. गळेल घंगाळ."

आता उरला तांबट. मी पायरीकडे वळून विचारले, "तू ठोकलंस ना हे? सुरुवात कुठल्या अक्षरापासून केलीस?"

तो उभा राहिला. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर, म्हणून त्याने मुंडासे काढून पुन्हा बांधले. "मी कुटं वाचतंय, काका? मालकानी खडूनं लिवलानी, मी ठोकला."

"पण पहिला ठोका कुठे?"

"सावली हुती तितं." तो घंगाळ निरखून पाहू लागला. "उन पायावर येत हुता, म्हून मी फिरत गेलो. भांडा न्हाय फिरवला, मीच फिरलो."

धाकटा हसला. त्याच्या मागोमाग मलाही हसू आले असते, पण माझी नजर दारात गेली. ताई चौकटीला धरून उभी होती. चाळीस पावलांवर न्हाणी, पलीकडे तिने लावलेला अळवाचा वाफा, आणि एक शब्द अलीकडे की पलीकडे यावर ते सगळे तिचे किंवा परक्याचे.

"मी एक बोलू?" थोरला म्हणाला. तो हिशेबी माणूस, आवाज कधी चढवत नसे. "बाबा आज जे सांगतायत ते आजारात सांगतायत. घंगाळ ठोकलं तेव्हा ते हिंडतेफिरते होते. तेव्हाचं खरं मानावं. आणि त्याचे जर दोन अर्थ निघत असतील, तर ते मोडीत काढावं आणि शास्त्राप्रमाणे व्हावं. ताईला आम्ही टाकणार आहोत का?"

'टाकणार आहोत का' या शब्दांनीच त्या खोलीत काहीतरी टाकले गेले होते. साडूंचा श्वास जोराने वाजू लागला. वकील माझ्या कानाशी लागले, "घंगाळ कसंही वाचा, सही नाही, साक्षीदार नाहीत. ते व्यवस्थापत्र नव्हे, भांडं आहे. कागद काढा."

कागद मी आणला होता. तयार करूनच आणला होता, चार ओळींचा, ताईचे माहेरचे नाव, सासरचे नाव, घराच्या चतुःसीमा, सगळे घालून. खाली सहीची जागा, त्याखाली दोन साक्षीदारांच्या दोन जागा. मी तो खाटेवर ठेवला आणि टाक पुढे केला.

साडूंनी हात पांघरुणाखाली घेतला.

"साडभाऊ, हट्ट करू नका. वेळ नाही."

"कागदावर मी माझ्या पोरीचं छप्पर ठेवणार नाही."

"अहो, वाळवी काय आजच येते?"

"आजच येते!" ते ओरडले, आणि त्या ओरडण्याने त्यांना धाप लागली. मी पाण्याचे भांडे पुढे केले, ते त्यांनी लोटले. मग थांबत थांबत बोलू लागले, आणि तीस वर्षांत मी न ऐकलेली गोष्ट ऐकली. दप्तरखान्यात त्यांच्या नोकरीच्या मधल्या काळात एक बाई आली होती, सावर्ड्याकडची, एकटी, लुगड्याच्या पदराने डोके झाकलेले. दिरांनी घराबाहेर काढलेली. नवऱ्याने घर तिच्या नावे केल्याचा कागद इथे आहे, एवढेच तिला माहीत. साडूंनी बस्ता शोधला, वरच्या फडताळातून काढला, तिच्यासमोर रुमालाची गाठ सोडली. आत कागद नव्हता. कागदाच्या आकाराची माती होती. "साडभाऊ, ती रडली असती तर बरं झालं असतं. मातीकडे बघून 'बरं' म्हणाली आणि गेली. तिचा कागद माझ्या ताब्यात होता. माझ्या!" त्यांनी घंगाळाकडे बोट केले. "म्हणून हे. चुकलं असेल माझं. पण त्याची माती होणार नाही."

थोरल्याने मान फिरवली. वकील खिशातले घड्याळ काढून बघत होते, पण उघडायला विसरले होते. मी टाक तसाच धरून उभा. माझ्या यादीत या अडचणीला जागा नव्हती.

"बाबा."

ताई आत आली. पुरुषमंडळींच्या बैठकीत ती कधी आली नव्हती. खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली.

"कचेरीत कागदांना शिपाई होते," ती म्हणाली. "मी नव्हते."

साडूंनी उशीवरून मान उचलली.

"या घरात तुम्ही सांगितलेली पत्रं मी लिहिली, त्यांच्या नकला माझ्या पेटीत आहेत. पहिल्यापासून. एका कागदाला भोक नाही. कडुनिंब घालते, दसऱ्यानंतर ऊन दाखवते. तुम्हाला सांगितलं नाही, रागावाल म्हणून." ती थांबली. "हाही मी बघेन, बाबा. रोज बघेन. सही करा."

साडूंनी पांघरुणातून हात काढला. "नकला ठेवल्यास?" ते म्हणाले. "माझ्या घरात? चोरून?"

"हो."

"किती वर्षं?"

"अठरा."

"मेल्ये," ते म्हणाले, आणि हाताने टाक मागितला.

आता घोळ असा झाला की लिहायला पाट सापडेना, आणि दाबून लिहायची त्यांची सवय; मांडीवर कागद टिकला नसता. वकिलांनी घंगाळ उचलून खाटेवर पालथे घातले आणि त्यावर कागद पसरला. साडूंना बसता येत नव्हते. मी पुढे होणार, एवढ्यात थोरला खाटेच्या मागे गेला, त्याने वडिलांना दोन्ही काखांत धरून उचलले आणि आपल्या छातीशी टेकवून धरून ठेवले. वडील त्याच्या आधाराने त्याच्याच हिश्श्यातले घर बहिणीला देत होते आणि तो त्यांचे डोके हलू नये म्हणून हनुवटीने सांभाळत होता. साडूंनी सही केली. इतकी दाबून की निब शेवटच्या अक्षराला कागदातून आरपार गेले आणि तांब्यावर खरडले. वकिलांनी कागद उचलून उजेडात धरला, भोकातून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "चालेल." त्यांनी सही केली, मी केली. धाकट्याने तांबटाला जायला सांगितले. तांबट जाताना विचारीत होता, "मंग त्या अक्षरांचा काय ठरला?"

मुले शेवटच्या बोटीने गेली. त्या दिवशीच्या यादीत मी त्यांची नावे लिहिली आणि थोरल्याच्या नावासमोर खूण करताना तो पडावात चढण्याआधी मागे वळून म्हणाला, "काका, घंगाळाच्या उजव्या बाजूला उभा राहिलो असतो तर मी तसं बोललो नसतो." मी म्हणालो, "चढ आता, भरती ओसरेल." साडू पावसाळा काढून गेले. भाद्रपदात, सकाळी, अंघोळ करून, पूर्ण शुद्धीत. शेवटच्या आठवड्यात ते मला म्हणाले होते, "साडभाऊ, कागद वाईट नसतो. सांभाळणारं माणूस नसतं." मी म्हटले, हे कोरून घेऊ या. ते म्हणाले, "नको. हे नुसतंच राहू दे."

त्याला आता आठ वर्षे झाली. कागद टिकला. आगर थोरल्याने विकले नाही, धाकट्याची बाग कलमे धरून आहे. उन्हाळ्यात दोन्ही भाऊ मुलाबाळांसह ताईच्या घरी उतरतात, आणि 'ताईच्या घरी' हे शब्द मुले इतक्या सहज उच्चारतात की ऐकताना मला क्षणभर थांबावे लागते. ताई आता बेचाळीस वर्षांची आहे. परवा मी तिला म्हटले, आपण व्यवहाराने वागले पाहिजे, साडूंसारखी वेळ आणू नये, तुझेही व्यवस्थापत्र करून टाकू. ती लगेच हो म्हणाली. मी घरी येऊन कागद तयार केला: तिचे नाव, घराच्या चतुःसीमा, साक्षीदारांच्या दोन जागा. 'माझे मागे हे घर' इथपर्यंत लिहिले आणि पुढची जागा रिकामी ठेवून तिच्याकडे नेला. कोणाला द्यायचे ते सांग.

तिने कागद वाचला. घडी घातली. पुन्हा उघडून वाचला.

"राहू दे ना, काका," ती म्हणाली. "कुणाला काही देण्याजोगं माझ्यापाशी कधी नव्हतं. आता आहे, तर मला थोडं ठरवू दे."

याला तीन आठवडे झाले. मी दर रविवारी जातो. ती चहा करते, थोरल्याच्या मधल्या मुलीचे अक्षर किती चांगले आहे ते सांगते, मग धाकट्याच्या मुलाचा स्वभाव किती मऊ आहे ते सांगते, मग कपबशा उचलून आत जाते. कागद माझ्या खिशात असतो. ती जागा अजून भरायची आहे.